धक्क्यावरची पट्टी

दाताच्या दवाखान्यात गाल सुजवून बसलेल्या विमा एजंटावर आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्याचं ऐकून घ्यायची वेळ आली होती. शेजारी मायलेकी बसल्या होत्या.

“आई, तलावाची मोजणी झाली. लाँड्री विकू नकोस.”

“धक्क्यावरची पट्टी मी रोज बघते गं. जेमतेम चार फूट पाणी. नळ चौथ्या दिवशी येतो. लोकांचे कपडे काय फुंकर मारून धुऊ?”

“धक्क्यापाशी नुसता गाळ साचलाय.”

“मग पट्टी तिथे कशाला लावली?”

“वाचायला सोपी. साहेबांच्या चपला भिजत नाहीत.”

“इतकी वर्षं?”

“इतकी वर्षं. यंदा आम्ही होडीतून अख्ख्या तलावावर यंत्र फिरवलं. पलीकडे कड्याखाली तीस फूट खोल आहे.”

“यंत्राचं काय सांगावं!”

“मीही तेच म्हटलं. दोरीला वजन बांधून सोडलं. तेवढंच भरलं.”

नर्सने एजंटाला हाक मारली. त्याने पुढच्या माणसाला आत जायची खूण केली.

“म्हणजे उन्हाळा निघेल?”

“आरामात. पंपाचा पाइप तिकडे न्यायचा. सोमवारी काम सुरू. मग नळ रोज.”

“अगं बाई! मशिन न्यायला तो माणूस दुपारी येतोय!”

“मग कर फोन.”

“हॅलो, दादा? या, या, जरूर या. टेम्पो मात्र नको. आणि रिकाम्या हाताने येऊ नका हं, घरातले पडदे, चादरी, काय मळलं असेल ते घेऊन या.”