यादीत आन्सेल्मचं नाव

अन् आता टोपी निघालीय हो, टोपी! बॅस्टिल टोपी! वर दोन बुरूज, खाली झालर… पॅरिसभर बायका डोक्यावर तुरुंग घेऊन मिरवतायत! पंख्यावर बॅस्टिल, बश्यांवर बॅस्टिल, तिच्या दगडांची कानातली! बॅस्टिल म्हणे बॅस्टिल! तुम्हाला सांगते, माझ्या लहानपणी हे नाव नुसतं निघालं तरी आई तोंडावर हात दाबायची, "गप, भिंतीला कान असतात!" आता ती पाडलीय, अन् तिथे म्हणे नाच चालतो. मी नाही जात. माझा आन्सेल्म तिथेच पडला ना… गेल्या जुलैत, भरदुपारी, छातीत गोळी. सुतार माणूस, हातात पटाशी. जाताना मी काय बोलले? "सूप गार झालं तर मला सांगायला येऊ नकोस!" नाही आला. जीभ कशी झडली नाही माझी!

तर बॅस्टिल जिंकणाऱ्यांची यादी करणार म्हणाले. म्हटलं, माणूस गेला, नाव तरी राहू दे, पोरीला दाखवायला. यादीवाला कारकून म्हणतो, "बाई, त्यांना लढताना पाहिलेले दोन साक्षीदार आणा." अहो, पाहिलेले दोघं त्याच्याच शेजारी पुरलेत! उठवून आणू? आणि आमचा पाववाला पोतिए… तो त्या दिवशी पिठाच्या पिंपात दडला होता, वरून झाकण मीच ठेवलं… तो आला कुजबुजत, "वहिनी, मी अन् माझा मेहुणा देतो आन्सेल्मची साक्ष. तुम्ही फक्त म्हणा, मला तटावर पाहिलंत." बॅस्टिल म्हणे बॅस्टिल! काय करता? गरजवंताला अक्कल नसते! हात वर केला, शपथ घेतली, पाहिलं म्हटलं!

कारकून उठून उभाच राहिला की! "पाहिलंत? म्हणजे तुम्हीही तिथे होतात!" अहो, मी चुलीशी होते! पण तसं बोलले असते तर पोतिए खोटा, मग त्याची साक्ष खोटी, मग आन्सेल्मही गेला… त्यानं खरडलं माझं नाव. अन् वर म्हणतो, "आता यजमानांचं राहू द्या. एका घरातून एकच विजेता."

झालं! परवा पदक मिळालं मला. पोतिएलाही. सगळी सुतारआळी टाळ्या पिटत होती. आता आन्सेल्मचा विषय निघाला की लोक हळहळतात, "अरेरे, विजेतीचा नवरा ना तो? बायकोला घरी न्यायला आला होता बिचारा… मध्येच गोळी लागली!"

मी मान डोलावते. शपथ घेतलीय ना!