मावशी परत येते का?

डोळ्यांत थेंब घालून नर्सनं आजींना डोळे मिटून बसायला सांगितलं होतं. कान मात्र उघडेच होते. शेजारच्या बाकावर सासरे आणि सून बोलत होते.

“पुस्तकांची जाहिरात करणाऱ्या एका बाईंचा ईमेल आलाय. माझी कादंबरी वाचून ढसाढसा रडल्या म्हणे. घराघरांत पोचवतील, फक्त पैसे आधी भरायचे.”

“बाबा, एक पैसा पाठवू नका. रडल्या कुठे?”

“शेवटी मावशी घरी परत येते, तिथे.”

“पण मावशी परत येतच नाही!”

“वाचकाला तसं वाटू शकतं गं.”

“कसं वाटेल? ती घराची किल्ली विहिरीत टाकून निघून जाते.”

“तू... वाचलीस?”

“दोनदा.”

“मग बोलली का नाहीस?”

“जगाला विचारत फिरलात, मला कुठे विचारलंत?”

“बरं, आता विचारतो. मावशीनं जायला हवं होतं का?”

“खरं सांगू?”

“आजी, चला, डॉक्टरांनी आत बोलावलंय,” नर्स म्हणाली.

आजींनी डोळे आणखी घट्ट मिटले.

“थांब गं बाई जरा. थेंब अजून मुरायचेत.”