उजवीकडचा घूंऽऽ आवाज

सोनईहून नगरला निघालेल्या एसटीत फरहीनच्या पुढच्या सीटवर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. काकांच्या नखांत अजून काळं ग्रीस होतं.

"घरी गाडी हाय, अन् आपन एसटीत."

"गाडी जॅकवर हाय, भागिरथी. मागच्या चाकाचं बेअरिंग आनायलाच चाललोय ना?"

"परवा बदललं की एक."

"ते डावीकडचं."

"अन् घूंऽऽ आवाज कुठून येत हुता?"

"उजवीकडून."

"मी काय सांगत हुते?"

"उजवीकडून. पन मला वाटलं, तुला गाडीतलं काय कळतंय."

"गाडीतलं न्हाई कळत. कान हायेत की मला! आता तरी मेकॅनिकला द्या."

"न्हाई. रविवारी आपली माधुरी बाळाला घेऊन पयल्यांदा घरी येनार. आवाजानं नात दचकायला नको. तिला आनायची गाडी मीच नीट करनार."



"अहो, मग दोन बेअरिंगं घ्या."

"एकच लागतंय."

"बसवनार तुमी हाय, म्हनून सांगते."

फरहीनला हसू आवरेना. काका गर्रकन मागं वळले.

"काय झालं गं पोरी?"

"काही नाही, काका. दोनच घ्या."