मंड्याचा फाटा सुटला

भागीरथीबाई : अय्यो, लॉरी! रक्षिता, लॉरी आली गं!

रक्षिता : आली नाही आत्याबाई. ती पुढे आहे, आपण मागे आहोत. मध्ये चांगली दोन बस मावतील एवढी जागा सोडलीय.

भागीरथीबाई : मग एवढी जवळ का वाटते?

रक्षिता : तुम्ही डोळे गच्च मिटलेत म्हणून.

भागीरथीबाई : मिटणारच! सासू म्हणून नाही सांगत, पण तू आजवर म्हैसुरातल्या हूटगळ्ळीपलीकडे गाडी नेलेली नाहीस. आणि आज एकदम बेंगळूरूचा हायवे!

रक्षिता : मग ब्लाउज कुणाबरोबर तरी पाठवायचा होता.

भागीरथीबाई : नवरीचा ब्लाउज? रात्रीच बाही उसवून नवी लावली. जरा ओढली गेली तर तिथल्या तिथे टाका घालायला मी नको? निधान गं, हळू!

रक्षिता : हळूच चाललेय. आता लॉरीला मागे टाकते. आरसा बघितला, इंडिकेटर दिला, मागे कोणी नाही... झालं. उघडा डोळे.

भागीरथीबाई : अगंबाई, खरंच की! थांब, फोन वाजतोय. हरिणीच असणार, नवरीबाई!

रक्षिता : तुम्हीच बोला. मी चालवताना नाही बोलत.

भागीरथीबाई : हां पुट्टी, मंड्या आलंच! तू तयार हो... रक्षिता, बोर्ड बघ! डावीकडे घे, घे!

रक्षिता : नाही जमणार, डावीकडून बस येतेय... गेला फाटा. आधीच डाव्या लेनला यायला हवं होतं मी.

भागीरथीबाई : मग बाजूला थांब आणि जरा रिव्हर्स घे. कोण बघतंय?

रक्षिता : मागून शंभरच्या स्पीडनं येणारा बघेल ना. तोही उशिरा.

भागीरथीबाई : अगं, मुहूर्त! पोरगी ब्लाउजसाठी खोळंबलीय!

रक्षिता : माझेही हात घामानं ओले झालेत, आत्याबाई. तरी मागे घेणार नाही. पुढच्या फाट्याला उतरून वळून येऊ.

भागीरथीबाई : माझ्या लेकानं, पुनीतनं मागे घेतली असती.

रक्षिता : ते वन-वेत उलटे घुसले, म्हणूनच पाय प्लास्टरमध्ये घालून घरी बसलेत.

भागीरथीबाई : ...ते मात्र खरं हं! हॅलो, हरिणी? पुट्टी, जरा उशीर होईल. तोवर वेणी माळून घे... नाही गं, ड्रायव्हर कसला! सून चालवतेय माझी. ती सांगेल तस्संच येणार आम्ही.

(मंगल कार्यालयाच्या आवारात. अक्षता पडल्या आहेत, जेवणं झाली आहेत.)

रक्षिता : बाही छान बसली हो तिची.

भागीरथीबाई : घाईघाईत ब्लाउज घातला, तरी एक सुरकुती नाही! बघितलंस?

रक्षिता : बघितलं. हरिणीचे मामा म्हैसूरलाच निघालेत. मोठी गाडी आहे, तुम्हाला विचारत होते.

भागीरथीबाई : मलाही म्हणाले. सकाळी वाऱ्यासारखे आले म्हणे, सगळ्यांना तेच सांगत होते.

रक्षिता : मग जा की. लवकर पोचाल.

भागीरथीबाई : मला घाई नाही गं. आपल्या गाडीचं दार उघड.