जागा सोडायची नाही

मंडळी, जयभीम, नमस्कार. तो पंखा जरा बंद करता का कुणी? माझा आवाज मुळातच बारीक, आणि आज तो आणखी खाली चाललाय. हां. आता ठीक.

मला भाषणाची सवय नाही. क्लबमध्ये माझं काम ओरडायचं. बोलायचं काम नेहमी गौतमभाऊंचं. कागदावर लिहून आणलंय, पण घाईत लिहिलेलं माझंच अक्षर मला लागत नाहीये. तेव्हा कागद खिशात ठेवतो. मंडळी, मी घाबरलोय. दुःख आहेच, ते कुणाला नाही? पण आज या विहारात उभा राहिलोय तो घाबरलेला माणूस म्हणून. कशाला घाबरलोय, तेच सांगायचंय. मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी दिलीप. तळेगावला एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. गौतमभाऊ इथले, वराळ्याचे. कारखान्यात फिटर होते, तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले. समोर बसल्यात त्या त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी. आमचं नातं काय? भावकी नाही, शेजार नाही, ऑफिस नाही. आम्ही दोघं एका क्लबचे प्रेक्षक. बस, एवढंच. पहाट फुटबॉल क्लब, वराळे. अकरातले सात खेळाडू कंपनीत कामाला, शिफ्ट सुटली की बूट पिशवीत घालून थेट मैदानावर. आणि प्रेक्षक किती? चांगल्या दिवशी चाळीस. वाईट दिवशी मी आणि भाऊ.

माझ्या आधी चौघं बोलले. चौघंही चांगलं बोलले. चौघांनीही एकच गोष्ट सांगितली, की भाऊ जिंकल्याच्या आनंदात गेले, हसत गेले, काही त्रास झाला नाही. माझ्या मागं हा फलक लावलाय, त्यावरही तेच आहे. ‘विजयाच्या क्षणी निरोप’. सुंदर अक्षर आहे. मंडळी, हे सगळ्यांना कुणी सांगितलं? मी सांगितलं. आणि ते खरं नाही.

पाणी द्या थोडं.

हे कसं झालं ते कळायला या सीझनच्या मॅचेस सांगाव्या लागतील. शोकसभेत मॅचेस काय सांगतोय, असं कुणाला वाटेल. पण भाऊ माझ्या आयुष्यात होते ते मॅचेसपुरतेच. दुसरं माझ्याकडं काही नाही.

पहिली मॅच लोणावळ्याला झाली. काय ते धुकं. आमच्या बाजूचा गोलकीपर दिसायचा, पलीकडचं काहीच नाही. तिकडून ओरडा झाला की समजायचं, गेला आणखी एक. चार वेळा ओरडा झाला. भाऊ म्हणाले, बरं झालं दिसलं नाही, निदान डोळ्यांना तरी त्रास नाही. परत येताना सगळी टीम मान खाली घालून बसलेली आणि भाऊ एकटे सगळ्यांना शेंगदाणे वाटतायत.

दुसरी शिरगावच्या पलीकडच्या मैदानावर. तिथं आपण दोन-एकनं पुढं होतो. दहा मिनिटं राहिलेली. आणि मला चहाची तलफ आली. मी उठलो, टपरीपर्यंत गेलो, कप हातात घेतला आणि मागं शिट्टी. बरोबरी. मंडळी, त्यानंतर आठवडाभर मला जगणं नकोसं केलं सगळ्यांनी. कॅप्टन सचिन इथं बसलाय, विचारा त्याला. दिलीपकाका उठले म्हणून गोल झाला. चेष्टाच होती. पण चेष्टेचा नियम झाला. आपण पुढं असलो की प्रेक्षकांनी हलायचं नाही. जो जिथं बसलाय तिथंच बसायचं, शेवटची शिट्टी होईपर्यंत. जागा सोडायची नाही.

आणि हा नियम सगळ्यात कडक पाळणारा कोण? ज्याच्यामुळं झाला तो. मी.

भाऊंना हे पटत नव्हतं. तुम्हाला माहीत आहे ते कसे होते. घरात ना नवस, ना उतारा, ना मुहूर्त. कामशेतच्या मॅचला आपण एक-शून्यनं पुढं, आणि यांच्या पायात गोळा आलेला. पाय चोळत बसले, पण उठले नाहीत. मला म्हणाले, “दिलीपराव, आमी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली मानसं. आन् हितं बुडाखालच्या दगडाला मानतोय. कुनाला सांगू नका बरं का.” आम्ही दोघं खूप हसलो. ती मॅच आपण जिंकलो. मग तर काय, नियम पक्का झाला.

मंडळी, मी कॉलेजात काम करतो. भाऊंनी आयुष्यभर सूक्ष्म मापाचं काम केलं, केसाएवढा फरक चालायचा नाही त्यांना. आम्ही अडाणी नव्हतो. तरी बसलो. का बसलो? मैदानात जाऊन चेंडूला पाय लावणं आमच्या हातात नव्हतं. मग निदान एवढं तरी आमच्या हातात आहे, असं वाटायचं. बरं वाटायचं हो.

आता सेमीफायनल. आपल्याच मैदानावर, पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर आम्ही दोघं. भाऊ माझ्या डाव्या हाताला. हाफटाइमनंतर थोड्याच वेळात सचिननं गोल केला. आपण पुढं. मी भाऊंकडं बघितलं, म्हटलं, आता हलायचं नाही. ते म्हणाले, “न्हाई हलत.”

मग थोड्या वेळानं ते म्हणाले, हात जड झालाय. डावा. मी म्हटलं, अवघडून बसलाय, झटका जरा. त्यांनी झटकला. मग म्हणाले, छातीतबी कसंतरी होतंय, जरा उठून चालतो. आणि ते उठायला लागले.

वहिनी, मी त्यांच्या सदऱ्याला धरलं. मी त्यांना खाली बसवलं.

म्हणालो, भाऊ, आत्ता नको. थोडंच राहिलंय. मी हसून म्हणालो. त्यांनीही हसून बघितलं माझ्याकडं. “बरं, बसतो,” म्हणाले. आणि बसले. माझ्या शब्दाखातर बसले. नंतर त्यांनी उठायचं नाव काढलं नाही. मी मैदानाकडं बघत होतो. त्यांच्याकडं बघत नव्हतो.

शिट्टी झाली. सगळे आत धावले. मी पण धावलो. मधल्या सर्कलपर्यंत गेलो, सचिनला मिठी मारली, आणि मग वळून बघितलं. भाऊ कट्ट्यावरच होते. टाकीला टेकलेले. मी हात केला. त्यांनी केला नाही.

काय म्हणता वहिनी? मागं ऐकू गेलं नसेल. वहिनी विचारतायत, किती वेळ.

किती वेळ. वीस मिनिटं, वहिनी. वीस तरी असतील. मी घड्याळाकडं सारखा बघत होतो, मॅच संपायला किती राहिलंय ते बघायला. म्हणून नक्की सांगतो. वीस मिनिटं.

हो. मागितलं होतं. वहिनी विचारतायत, पाणी मागितलं होतं का. मागितलं होतं. बाटली बदली खेळाडूंच्या बाकाजवळ होती, पन्नास पावलांवर. मी आणायला उठलो नाही.

नाही, मला बसवू नका. बोलू द्या. आज बसलो तर पुन्हा कधी सांगायची हिंमत होणार नाही.

दवाखान्यात नेलं तेव्हा भाऊंचा श्वास चालू होता. डॉक्टरांनी मला विचारलं, दुखायला कधी सुरुवात झाली? मी म्हणालो, आत्ताच. मॅच संपल्यावर. डॉक्टरांनाच खोटं सांगितलं मी. का? कारण खरं सांगितलं तर पुढचा प्रश्न आला असता, मग लगेच का नाही आणलं? त्या प्रश्नाला मी भ्यालो. खरं सांगितलं असतं तर काही फरक पडला असता का? मला माहीत नाही. डॉक्टरांना जाऊन विचारायचं धाडस अजून झालेलं नाही. रोज त्या रस्त्यानं जातो आणि मान फिरवून पुढं जातो.

वहिनी पोचल्या तोवर भाऊ गेले होते. त्यांनी एवढंच विचारलं, “कसं झालं हो?” आणि मी म्हणालो, जिंकलो, भाऊ हसले, आणि बघता बघता गेले. वहिनींच्या तोंडून ते सगळ्या नातेवाइकांकडं गेलं. तिथून या फलकावर आलं. माझं खोटं आता इतकं मोठं झालंय की त्याला हार घातलाय.

हां. वहिनी उभ्या राहिल्यात. बोला वहिनी. जे म्हणायचं ते म्हणा. मी ऐकून घ्यायलाच उभा आहे.

ऐकलं का सगळ्यांनी? माईक इथंच आहे, त्यामुळं मलाच सांगावं लागतंय. वहिनी म्हणतायत, “सकाळीबी म्हनले व्हते, हाताला मुंग्या येत्यात. मी म्हनलं, मॅच हाय म्हनून आंगात आलंय. जाऊन या, बरं वाटंल.”

वहिनी, हे तुम्ही स्वतःवर घेऊ नका. तुम्ही त्यांना जाऊन या म्हणालात. मी त्यांना उठू दिलं नाही. हे दोन्ही एक नाही. बसा तुम्ही. शेजारच्या ताई, धरा त्यांना.

मंडळी, बघा. सकाळी एकाला माहीत होतं, दुपारी दुसऱ्याला माहीत होतं. स्वतः भाऊंना तर माहीत होतंच. तिघांनीही चेष्टेवारी नेलं. मला याचीच भीती वाटते. आपण वाईट माणसं आहोत का? नाही. भाऊंसाठी मी रक्त दिलं असतं, खरंच दिलं असतं. फक्त कट्ट्यावरून उठलो नाही.

आता येत्या रविवारची फायनल. परवा खेळाडू माझ्या घरी आले होते. त्यांचं मन चांगलं आहे, मी त्यांना दोष देत नाही. म्हणाले, काका, आम्ही कट्ट्यावर भाऊंची जागा चुन्यानं आखलीय. तिथं त्यांची टोपी ठेवायची, आणि शेजारी तुम्ही तुमच्या जागी बसायचं. शेवटपर्यंत हलायचं नाही. भाऊंसाठी. मी हो म्हणालो. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, नाही म्हणवेना. ते गेले. तेव्हापासून डोळे मिटले की तो कट्टा दिसतो. मी बसलोय, शेजारी टोपी आहे, आपण एक गोलनं पुढं आहोत, आणि पलीकडं कुणीतरी छातीला हात लावतंय. आणि मी उठत नाही. मंडळी, मला माझीच खात्री नाही. त्या वेळी पुन्हा मी घड्याळच बघत बसेन, अशी भीती वाटते मला.

सचिन, हे तुला सांगतोय, सगळ्या टीमला सांगतोय. तो चुना पुसून टाका. टोपी वहिनींना द्या. मी रविवारी येणार, पण उभा राहणार. इकडून तिकडं फिरणार. आपण पुढं असताना चहा आणायला जाणार. हरलात तर माझ्या नावानं खडे फोडा, वर्षभर फोडा. चालेल मला. भाऊंना तुमचा खेळ आवडायचा. तुम्ही सीझनभर चांगलं खेळलात म्हणून इथवर आलात. कट्ट्यावरच्या दोन म्हाताऱ्यांनी एक गोल केला नाही.

आणखी एक. हे माझ्या घरीही माहीत नाही. माझी बायको तिकडं डावीकडं बसलीय, तिला आत्ताच कळतंय, तिनं रागवू नये. स्टेशनचा जिना चढताना मलाही दोन महिने छातीत दडपल्यासारखं होतं. मध्येच थांबतो, मोबाईल बघितल्यासारखं करतो, म्हणजे लोकांना वाटावं मेसेज वाचतोय. भाऊ गेल्यावर तरी दवाखान्यात जायला हवं होतं. गेलो नाही. भीतीनं गेलो नाही. काय निघेल याची भीती. आज तुम्हा सगळ्यांसमोर सांगितलं, आता मला मागं फिरता येणार नाही. उद्या सकाळी जातो. त्याच डॉक्टरांकडं जातो, आणि त्यांना त्या दिवशीचं खरं काय ते पण सांगतो.

वहिनी, मी माफी मागत नाही. मागायला तोंड नाही, आणि आज लोकांसमोर मागितली तर तुम्हाला हो म्हणावंच लागेल. तुम्हाला वाटेल तेव्हा, वाटलं तर, निरोप पाठवा. शिव्या द्यायला बोलावलंत तरी येईन.

गौतमभाऊ, तुमच्या शेजारी बसून मी नऊ सीझन पाहिले. तुम्ही माझं ऐकलंत, ते शेवटचं ऐकायला नको होतं. तुम्हाला माझा अखेरचा जयभीम.

मंडळी, आता दोन मिनिटं शांत उभं राहू या. पण एक विनंती आहे. या दोन मिनिटांत कुणाला चक्कर आली, कुणाचा हात जड झाला, छातीत जरा कसंतरी वाटलं, तर गप्प राहू नका. मोठ्यानं सांगा. आणि शेजाऱ्यानं सांगितलं, तर शांतता मोडा.