नातीची धुरी

मी मूळची सिंहगडाच्या पायथ्याची, लगीन करून धायरीत आले तवा धायरी गावच व्हतं बघा, आता ह्या इमारती हायेत ना, तिथं आमची ज्वारी व्हायची आन वरच्या माळाला सालईची झाडं. सालई तुमास्नी ठाव नसंल, कागदावानी साल सुटती तिची, हिवाळ्यात इळ्यानं तळहाताएवढी खरवडली की डिंक पाझरतो, वाळला की काढून ठिवायचा आन निखाऱ्यावर टाकायचा, मंग जो वास सुटतो, काय सांगू तुमास्नी. सासूनं मला शिकवलं ते. गावात कुणाचं बी बाळ जन्मू दे, न्हाऊ घातलं की धुरी द्यायला नानीला बोलवा, म्हंजी मला. पुढं जमिनी गेल्या, फ्लॅट आले, आमी बी त्यातल्याच एकात राह्यला गेलो, कंपनीतल्या पोरी राह्यला आल्या, त्या बी नानी नानी करत दारात यायच्या. माळ बिल्डरला दिला तवा मी माझ्या मालकांना बजावलं, कडंची दोन सालई तेवढी माझी, त्यास्नी हात लावायचा न्हाई. न्हाई लावला.

आता खरं दुखणं सांगते. माझा ल्योक संतोष हिंजवडीला कम्प्युटरच्या कंपनीत, तिथंच त्यानं बायको शोधली, वर्ध्याकडची. पोरगी गुणाची हाय, तिच्याबद्दल माझं काय म्हणणं न्हाई. पयलं बाळंतपण म्हायेरी करायची रीत, पर तिला दवाखाना हितलाच पायजे, सुट्टी बी तेवढीच, मंग म्हायेरच आमच्या घरी आलं, म्हंजी ईहिणबाई आल्या.

आल्या त्या आल्या, पिशवीतनं आधी बरणी काढली. म्हणाल्या, आमच्याकडची सालई आहे जी, माझ्या भावानं जंगलातून आणून देल्ली. मी हुंगून बघितली. वास चांगला व्हता, त्याचाच मला राग आला.

नात झाली. पयल्या बाळंतपणात न्हाऊ घालायचा मान आईच्या आईचा, ते मला बी मान्य हाय, मीच दुसऱ्याच्या घरी जाऊन सांगायचे तसं. पर माझ्या घरात, माझ्या न्हाणीत, माझ्या नातीला ती पायावर घेणार आन मी गरम पाण्याची बादली देणार. अख्ख्या धायरीची पोरं ह्या हातांनी धुरीवर धरली, आन सख्खी नात तेवढी न्हाई. सून म्हणायची, आई, तुम्ही आराम करा. दोघींना बी आईच म्हणायची ती, हाक आली की मी उठायचे, आन ती तिच्या आईला आसायची. जळायचे मी, खोटं कशाला बोलू.

मंग एक दिवस मी माझी शेगडी हॉलमधी पेटवली. म्हटलं, ती आत देऊ दे तिची धुरी, भाईर आणलं की पोर माझ्या बी धुरावरनं जाऊ दे. ईहिणबाईंनी दारातनं बघितलं आन आत जाऊन निखाऱ्यावर मूठभर जास्ती टाकली. मला वासावरनंच कळलं. मी बी टाकली. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून खिडक्या समद्या बंद. भाईर पॅसेजमधी आगीची घंटा कोकलाय लागली, वॉचमन बादली घिऊन वर पळत आला, आन आत पोर खोकतीया. संतोष तिला उचलून दवाखान्यात गेला. डाक्टर म्हणाले, एवढ्याशा जिवाला धूर अजिबात द्यायचा न्हाई. संतोषनं दोघींच्या बरण्या उचलल्या आन गाडीच्या डिकीत टाकल्या. ईहिणबाई रडल्या. मला वाईट वाटायला पायजे व्हतं, पर बरं वाटलं. माझी धुरी गेली, पर तिची बी गेली.

सव्वा महिन्यानं त्या वर्ध्याला परत गेल्या. सून लॅपटॉपवर बसाय लागली आन नात आली माझ्या मांडीवर, आता एकटी माझी. पर झोपंल तर शपथ. गाणं म्हणा, थोपटा, तोंड फिरवून रडायची नुसती. ईहिणबाई जाताना त्यांचं एक जुनं मऊ पातळ ठिवून गेल्या व्हत्या, दुपटी शिवायला. एका सांजेला ते फाडाय घेतलं, घडी मोडली तर त्यात सालईचा वास, तिच्याकडच्या सालईचा. पोरीनं त्या पदरात नाक खुपसलं आन गप झोपली. मी माझी लुगडी हुंगून बघितली, त्यात फोडणीचा वास.

कात्री ठिवून दिली. आता रोज सांजच्याला मी ईहिणीचं पातळ नेसते. जन्म नऊवारीत गेला, त्यामुळं उघडं उघडं वाटतं, तरी नेसते. वास जाईल म्हणून धूत न्हाई. पोरीला औक्ष मिळू दे, बाकी काय पायजे मला. ईहिणबाईंचा फोन येतो, झोपते का जी पोरगी. मी म्हणते, झोपती की, आजीच्या कुशीत झोपती. कुठल्या आजीच्या, ते मी सांगत न्हाई.