चष्मेवाल्याची चारही चाकं

...नाही, मला एक सांगा, चष्म्याच्या दुकानात जायला माणसाला किती चाकं ओढावी लागतात? तुम्ही चार समजूतदार माणसं बसला आहात, तुम्हीच सांगा! घरापासून दुकानापर्यंत डांबरी रस्ता, तोही इतका गुळगुळीत की त्यावर पीठ मळावं, मध्ये एक शाळा, एक सिग्नल, एक वळण, की आलं दुकान! आणि एवढ्यासाठी आमच्या साडूने पिकअप घेतली. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, चष्म्याचं दुकान त्याचंच. पिकअप छोटीच, पुढे चार माणसं बसतात, मागे उघडा हौदा, आणि... आता नीट ऐका हं... ऑल व्हील ड्राइव्ह! म्हणजे इंजिन चारही चाकांना जोर देतं. मागच्या दोघांना नाही, पुढच्या दोघांना नाही, चौघांना! आणि हौद्यात नेतो काय? चष्मे! अहो, त्याचा आठवड्याचा सगळा माल माझ्या शर्टाच्या खिशात मावेल!

मी जळतोय असं समजू नका. तो आपला स्वभावच नाही. प्रश्न गरजेचा आहे!

मी दारं बसवतो. चौकट, बिजागऱ्या, कडी, कुलूप, सगळं. रोज तीन-चार दारं माझ्या पिकअपच्या हौद्यात आडवी पडलेली असतात, म्हणजे गरज असलीच तर कोणाला असायला हवी? मला! आणि माझी गाडी बघा. अकरा वर्षांची. जोर फक्त मागच्या दोन चाकांना, पुढची दोन नुसती दिशा दाखवतात, मोठ्या साहेबासारखी. डावा आरसा टेपने चिकटवलाय. पण कधी अडलं माझं? सहसा नाही. आता सहसा म्हणजे सहसा!

तर ज्या दिवशी गाडी आली त्या दिवशी हा पठ्ठ्या ती घेऊन थेट आमच्या दारात! माझ्या गाडीच्या शेजारी लावली, मुद्दाम नव्हे हो, तो मुद्दाम काही करतच नाही, हीच तर चीड आहे! इतका सभ्य माणूस की भांडायला जागाच ठेवत नाही. म्हणतो कसा, "दादा, बसा ना, तुम्हाला दाखवतो." त्याचा तो आवाज, डोळे तपासताना असतो ना, मऊ, "आता कसं दिसतंय? आणि आता?" तसा! "हे गोल बटण बघा दादा. इकडे फिरवलं की चिखल, इकडे वाळू, इकडे बर्फ." मी म्हटलं, "बर्फ? आपल्याकडे बर्फ फक्त फ्रीजमध्ये पडतो!" तर हसला. मनापासून हसला हो! आणि आमची ही, माझी सख्खी बायको, त्या सीटवरून हात फिरवत म्हणते, "अय्या, हे गरम होतं?" होतं! सीट गरम होतं! माझ्या गाडीतही होतं की, इंजिनच खाली आहे, दहा मिनिटांत चटके बसतात, पण त्याचं कधी कौतुक केलं का कोणी?

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजवाल्याकडे गेलो. काही काम नव्हतं, सहजच, म्हटलं जाणकाराचं मत घ्यावं. तो माझ्याच गाडीखाली झोपला होता, नेहमीप्रमाणे. मी विचारलं, "काय रे, रोज घर ते दुकान करणाऱ्या माणसाला ऑल व्हील ड्राइव्ह लागतं का?" खालून आवाज आला, "छे! सपाट रस्त्यावर काय करायचंय? पेट्रोल जास्त पितं, काम निघालं तर दुप्पट. त्यापेक्षा चांगले टायर टाकावेत. आणि चारही चाकं ओढतात ती चढताना. थांबताना ब्रेक तोच, जो तुमच्या गाडीला आहे." वा! मला मिठीच मारावीशी वाटली, पण तो ऑइलने माखला होता. मी म्हटलं, "म्हणजे गरज नाही!" "अजिबात नाही," असं म्हणत तो खालून सरपटत बाहेर आला, हात पुसले, आणि हळूच विचारतो, "कुठल्या रंगाची घेतली? एकदा आणा की इकडे, बघू तरी!"

बघा! म्हणजे जाणकारसुद्धा! पण ते सोडा, प्रश्न गरजेचा आहे!

आता खरं दुखणं सांगतो. आमचे सासरे. जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले, गावाबाहेर टेकडीच्या उतारावर घर बांधलं, वर थोडी बाग केली आणि मधमाश्या पाळल्या. लग्न झाल्यापासून तुम्हाला सांगतो, त्या घरात काहीही अडलं की फोन कोणाला? मला! "जावईबापू, टाकी वर चढवायचीय." "जावईबापू, कपाट खाली आणायचंय." मी कुरकुरायचो, बायकोला म्हणायचो, तुझ्या वडिलांना मी जावई आहे की हमाल? पण गाडी काढताना शीळ घालायचो, हे खोटं कशाला बोलू? आणि ती गाडी आली, आणि फोन बंद झाला हो! एक महिना गेला, फोन नाही. मी बायकोला विचारलं, "बाबा बरे आहेत ना?" ती म्हणाली, "बरे आहेत की. परवाच धाकट्याकडून खताची पोती नेली वर." खताची पोती! चष्मेवाल्याकडून! त्या रात्री मला जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण चव लागली नाही.

मग कळलं की शुक्रवारी वरच्या बागेतल्या मधपेट्या खाली हलवायच्यात. चौदा पेट्या. पलीकडचा बागवाला झाडांवर औषध फवारणार होता, म्हणजे त्याच्या आत पेट्या निघाल्या नाहीत तर माश्या मरणार. आणि काम करायचं पहाटे, उजाडताना, माश्या घराबाहेर पडायच्या आत. बोलावणं कोणाला? सांगायला हवं का? बायको म्हणाली, "बाबा म्हणतात, तुम्ही त्रास घेऊ नका. रस्ता मातीचा आहे, तुमची गाडी चढायची नाही." चढायची नाही! मी म्हटलं, "मी येणार! मदतीला येणार! जावई म्हणून माझं काही कर्तव्य आहे की नाही?" ती कपाळाला हात लावून बसली.

पहाटे पोचलो तर रात्री पाऊस होऊन गेलेला. टेकडीवर जाणारा तो मातीचा रस्ता असा चकाकत होता, जणू कोणी लोणी फासलंय. पायथ्याशी सासरे डोक्यावर जाळीचा टोप घालून उभे, मेहुणी तशीच टोप घालून, साडू गाडीत. सासरे म्हणाले, "थोरले, तुम्ही खालीच थांबा." आता इथे एखादा शहाणा माणूस खाली थांबला असता. मी गियर टाकला.

पहिली पन्नास पावलं काय गेली हो गाडी! मी खिडकीतून मागे वळून बघितलंसुद्धा, सगळे बघतायत ना म्हणून. आणि तिथेच... घुर्रर्र! मागची चाकं जागच्या जागी गरागरा! हौदा रिकामा, मागे वजन नाही, चाकं धरणार कशाला? मी आणखी पाय दाबला. शहाणा माणूस दाबत नाही, हे मला माहीत होतं, तरी दाबला. चिखलाचा असा फवारा उडाला की मागोमाग चालत आलेल्या सासऱ्यांच्या जाळीवर थपकन बसला, त्यांना दिसायचंच बंद झालं. आणि गाडी रस्त्याच्या अर्ध्या रुंदीत तिरपी होऊन रुतली, ती रुतलीच.

आणि मग माझ्या शेजारून, तुम्हाला सांगतो, आवाज नाही, धूर नाही, ओढाताण नाही, ती गाडी अशी वर गेली, जशी एखादी बाई लग्नघरात मिरवत जावी! जाताना काच खाली करून हा म्हणतो, "दादा, लागलं नाही ना तुम्हाला?" अरे, निदान हस तरी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायको माझ्याशेजारी बसून एवढंच म्हणाली, "छान चढते, नाही?"

गरज आहे का? त्या क्षणी कोणी विचारलं असतं तर मी... जाऊ द्या.

वर त्याने सहा पेट्या चढवल्या, सासरे जाळी पुसून वर गेलेच होते, त्यांनी पेट्यांच्या फटी चिंध्यांनी बंद केल्या आणि पहिली खेप खाली निघाली. बायको मेहुणीकडे टोप मागायला वर गेली होती. मी माझ्या गाडीमागे चाकाखाली दगड लावत वाकलो होतो. वर बघतो तर ती गाडी येतेय. हळूच येतेय. मग जरा लवकर येतेय. मग मला साडूचा चेहरा दिसला, आणि डॉक्टरची सुई बघून पेशंटचा होतो तसा तो झाला होता! चारही चाकं थांबलेली, आणि गाडी चाललेली! घसरगुंडीवरून पोर यावं तशी! खाली रस्ता वळतो आणि वळणापलीकडे पंधरा फुटांचा खड्डा, दगड काढून झालेला. मी उडी मारून बाजूला झालो. आणि धाड! माझ्या रुतलेल्या गाडीच्या थोबाडावर येऊन थांबली. थांबली, म्हणजे मी थांबवली. माझ्या गाडीने! ती तिथे रुतली नसती तर साडू सहा पेट्यांसकट खड्ड्यात असता!

पण हे सांगायला वेळ कुठे होता? वरची पेटी कलंडली, झाकण उघडलं, आणि... तुम्ही कधी दहा हजार माश्या रागावलेल्या बघितल्यात? बघू नका. मी जवळचं दार उघडलं आणि आत शिरलो. त्याच्या गाडीत. काचा वर, दारं बंद, आत आम्ही दोघे साडू आणि माश्या तीन. एक माझ्या नाकाला, एक त्याच्या कानाला, तिसरी कोणाला चावावं या विचारात काचेवर. बाहेर सगळं काळं. आणि खरं सांगतो, मरणाच्या दारातसुद्धा मला वाटलं, काय मऊ सीट आहे हो!

मी विचारलं, "बटण चिखलावर होतं ना?" तो कान चोळत म्हणाला, "होतं दादा. पण ते चढायचं बटण आहे. थांबायचं नाहीच." मग तो चष्मा पुसत पुसत म्हणतो, "दादा, मला माहीत होतं गरज नाही ते." मी म्हटलं, "मग घेतली कशाला?" तर म्हणाला, "आठ वर्षं झाली लग्नाला. त्या घरात सगळे फोन तुम्हाला. टाकी तुम्ही, कपाट तुम्ही. माझं काम काय, तर बाबांच्या चष्म्याचा स्क्रू घट्ट करायचा. वाटलं, अशी गाडी असली तर मलाही कोणीतरी बोलावेल."

आता सांगा, अशा माणसावर कसं जळायचं? म्हणजे तो माझ्यावर जळत होता! माझ्या टेप लावलेल्या आरशावर! मला एकदम त्याच्याबद्दल इतकं वाटलं की मी त्याचा हात धरला. सुजलेल्या नाकाने जेवढं प्रेमाने बोलता येईल तेवढं बोललो, "लेका, मला सांगायचं ना!" आणि दोघेही हसायला लागलो, तर तिसऱ्या माशीचा विचार पक्का झाला.

दीड तास आम्ही आत. हळूहळू काच मोकळी झाली आणि बाहेर बघतो तर काय, डोक्यावर टोप घातलेल्या दोन बायका, माझी बायको आणि मेहुणी, टेकडीवरून खाली येतायत. हातात ती ढकलगाडी, बांधकामावर विटा वाहतात ना, पुढे एकच चाक आणि मागे दोन दांडे, ती! त्यात एकेक पेटी, एक बहीण ढकलतेय, दुसरी पुढून धरतेय, आणि गप्पा मारत, गप्पा मारत चौदाच्या चौदा पेट्या खाली नेल्या, आमच्या हौद्यातल्या सहासुद्धा! आमची दोघांची मिळून आठ चाकं चिखलात, आणि यांचं एक चाक आपलं कुईकुई करत चाललंय! मागून सासरे आले, काचेवर टकटक केली आणि म्हणाले, "काम झालंय. तुम्ही बसा निवांत."

एक पेटी सांडली तीही सावरली म्हणे, राणीमाशी वाचली. आमचं काय वाचलं ते विचारू नका. नाक चार दिवस वांग्याएवढं होतं, ग्राहक दार उघडायचे आणि पुन्हा लावून घ्यायचे.

पण निदान एक झालं, जळणं संपलं. साडूने गाडीला चांगले टायर टाकले, मी माझा पुढचा पत्रा ठोकून घेतला, सासऱ्यांकडे आम्ही दोघे मिळून जातो, हसतखेळत. परवाही गेलो. तर अंगणात नवी कोरी ढकलगाडी! सासऱ्यांनी घेतली. हिरवीगार, जाडजूड रबरी चाक, दांड्यांना मऊ मुठी, एका बोटाने ढकलावी! मी आपलं सहज म्हटलं, "बाबा, एक चक्कर मारून बघू?" तर सासऱ्यांनी प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नको थोरले, राहू द्या. ती मी धाकट्यांच्या हातात दिलीय."